साठ माणसांसाठी 'आपापला टाको आपण बांधा' : मागच्या वेळी फसलं, यंदा नीट करायचंय

बालाघाटची

नमस्कार. थोडं लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला सल्ला देता येणार नाही.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी अंबाजोगाईला आमच्या घरी साठेक माणसं जेवायला आहेत. आई बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त होतेय. नातवंडांनी हट्ट धरलाय की आजीच्या जेवणाला टाको (मक्याच्या पातळ पोळीत भरण घालून दुमडायचा मेक्सिकन पदार्थ) हवेत, म्हणजे टेबलावर सगळं मांडायचं आणि ज्याने त्याने आपल्या हाताने भरून घ्यायचं. आईनेच होकार दिलाय. "पोरं करतो म्हणतायत तर करू द्या" म्हणाली.

मला धास्ती वाटते, कारण हे एकदा करून पाहिलंय. मागच्या मे महिन्यात लातूरला भावाच्या मुलीचा वाढदिवस होता, गच्चीवर चाळीस माणसं. तयार कडक शेल (टाकोसाठी तळून वाकवलेल्या कुरकुरीत पोळ्या) एका दुकानातून मागवले होते. निम्मे फुटलेले आले आणि उरलेल्यांना जुन्या तेलाचा वास होता. ॲव्होकॅडो दगडासारखे कच्चे निघाले. एकच टेबल भिंतीला लावून ठेवलं होतं, त्यापुढे रांग जिन्यापर्यंत गेली. टोमॅटोला पाणी सुटून शेल हातातच विरघळत होते.

पण मनात राहिलंय ते वेगळंच. आमच्या थोरल्या आत्या सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्या ताट घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, टेबलापाशी आल्या, अकरा वाडग्यांकडे पाहिलं, आणि रिकामं ताट तसंच खाली ठेवून परत जाऊन बसल्या. मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, "भूकच नव्हती व माय." रात्री घरी जाऊन त्यांनी दूध-भाकरी खाल्ली, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

यंदा आत्या येणार आहेत. आईच्या बरोबरीच्या निवृत्त बाई-गुरुजी येणार आहेत. माणसं साठ, त्यात चौदा लहान मुलं. किती लागेल, काय ठेवू, कसं मांडू?

दूरदेशी परभणी

ताई, मी चौदा वर्षं अमेरिकेत सॅन अँटोनिओला आहे. आमच्या गल्लीत मेक्सिकन घरं आहेत, त्यांच्याकडच्या बारशाला-लग्नाला जेवून आलेय, म्हणून लिहायचं धाडस करते.

पहिलं म्हणजे ते कडक शेल सोडून द्या. ते अमेरिकेतलं प्रकरण आहे. १९५०मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका मेक्सिकन उपाहारगृहवाल्याला तसे शेल तळायच्या साच्याचं पेटंट मिळालं आणि पुढे मोठ्या कंपन्यांनी ते जगभर नेले. मेक्सिकोत रोजचा टाको म्हणजे टॉर्टिया, मक्याची मऊ, तळहाताएवढी गरम पोळी. त्यावर एकच भरण, वर बारीक कांदा-कोथिंबीर, एखादी साल्सा (तिकडची चटणी) आणि लिंबू. झालं. अकरा वाडगे तिथे कुणी मांडत नाही.

हिशोब असा धरा: मोठ्यांना तीन, मुलांना दोन. ४६ × ३ आणि १४ × २ मिळून १६६, म्हणून १८० टॉर्टिया करा. एका टाकोत ५० ग्रॅमपर्यंत भरण बसतं, म्हणजे सगळं मिळून नऊ किलो शिजलेलं भरण. याहून जास्त भरलं तर टाको दुमडत नाही.

काठवट

मी केजकडची. ज्वारीची भाकरी का नको? आपल्याकडे हुरडा पार्टीत काय वेगळं असतं? गरम हुरडा पुढ्यात येतो, भोवती शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ, रेवड्या. ज्याला जे हवं ते तो लावून घेतो. येळवशीला (वेळ अमावास्येला) शेतात भज्जी, उंडे, आंबील असंच आपापल्या हाताने घेतो. आपल्या लोकांना हे नवीन नाही, नवीन आहे ती फक्त मांडणी.

तळहाताएवढ्या पातळ भाकऱ्या थापा. आत्यांना त्यातली एक हातात दिली तर त्या बरोबर खातील.

दूरदेशी परभणी

काठवट, हुरड्याचं अगदी पटलं. भाकरीबद्दल एकच अडचण आहे. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरली की पाच मिनिटं वाकते, मग कडा कडक होतात आणि दुमडताना मधोमध चिरते. साठ माणसांत पाच मिनिटं म्हणजे काहीच नाही.

काठवट

ते खरं आहे. मऊ ठेवायची तर उकड काढून करावी लागते आणि फडक्यात गुंडाळावी लागते. तरी दहा-वीस मिनिटं जास्त टिकेल एवढंच. पण मक्याच्या पिठाची भाकरी तर ज्वारीहून जास्त चिरते, मी केलीय.

चुलीपाशी

इथेच सगळी गोम आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी छत्रपती संभाजीनगरला राहतो, तीन हिवाळे यावर हात काळे केलेत.

आपण बाजारातून आणतो ते कोरड्या मक्याचं पीठ. टॉर्टियाचं पीठ तसं नसतं. तिथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, दुसऱ्या दिवशी धुऊन ओलाच वाटतात. चुन्याने दाण्याची साल सुटते आणि आतला चिकटपणा मोकळा होतो. त्यामुळेच तो गोळा लवचिक होतो आणि चिरत नाही. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागायला लागतं. युरोपात मका गेला, पण ही चुन्याची रीत गेली नाही. नुसत्या मक्यावर जगणाऱ्या इटली-स्पेनच्या गरीब शेतकऱ्यांना पेलाग्रा (नायसिनच्या अभावाने होणारा रोग) झाला तो त्यामुळे. या रीतीने शिजवलेल्या मक्याला निश्तमाल म्हणतात. मेक्सिकोत ही रीत हजारो वर्षं चालत आलीय, आणि पूर्वी घरोघरी पाट्या-वरवंट्यासारख्याच दगडावर बायका तो मका वाटत.

१८० टॉर्टियांसाठी तीन किलो सुका मका घ्या. खाण्याचा चुना किलोला सपाट दोन छोटे चमचे, पानाच्या टपरीवर मिळतो तो ओला, पांढरा, वास-रंग नसलेला. भिंतीचा चुना चालणार नाही, आणि कळीचा चुना घरात विरघळवत बसू नका, तो उसळतो. पाणी मक्याच्या तिप्पट. भांडं स्टीलचंच पाहिजे. जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) भगुन्यात चुना घातला तर भांडंही खराब आणि मकाही, चुना त्या धातूला खातो. मध्यम आचेवर पाऊण तास उकळा, दाणा चिमटीत चोळल्यावर साल निसटली की गॅस बंद. झाकून रात्रभर ठेवा. सकाळी हात घालून चोळत तीन पाण्यांतून काढा.

वाटताना पाणी जपून. मिक्सरला पाणी जास्त लागतं आणि पीठ सैल होतं. इडलीवाल्यांकडे दगडाचा ग्राइंडर असतो, त्यात चांगलं होतं. तरी सैल झालंच तर साधं मक्याचं पीठ मूठभर मिसळून आवळा. गोळी करून दाबून पाहा: कडा फाटल्या तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त.

पाभर

कन्नड तालुक्यातून. आमच्याकडे खरिपात मकाच मका. पण घेताना दोन गोष्टी पाहा. कृषी केंद्रातलं मक्याचं बियाणं चुकूनही आणू नका. त्याला औषध चोळलेलं असतं, बहुधा लाल-गुलाबी किंवा हिरवट रंग दिसतो, ते खाण्याचं नाही. आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी आलेल्या ढिगातला मका घेतला तर काळे, बुरशी लागलेले दाणे निघतात. किराणा दुकानातला खाण्याचा मका घ्या आणि उन्हात परातीत पसरून एकेक वेचा. मी आयुष्यभर मका पिकवला, विकला, पण घरात त्याची भाकरी कधी नेमाने झाली नाही. हा चुन्याचा प्रकार वाचून घरी दाखवला. बायको म्हणाली, पाडव्यापर्यंत थांबायचं नाही, परवाच करू.

प्रयोगशाळा

मी अन्नशास्त्र शिकवते, लातूर जिल्ह्यात. सगळे चवीबद्दल लिहिताहेत, मी दोन धोक्यांबद्दल लिहिते.

राजमा ठेवणार असाल तर तो कच्चट राहता कामा नये. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं आणि थोड्या दाण्यांनीही उलट्या होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खदखदून उकळू द्या. कुकरमध्ये नीट शिट्ट्या झाल्या तर प्रश्न नाही. पण चुलीच्या कोपऱ्यावर मंद आचेवर दिवसभर ठेवलेला राजमा मऊ दिसतो आणि तरी बाधतो.

दुसरं, गरम भरण ६० अंशांच्या वर आणि दही, चीज ५ अंशांच्या खाली. बाहेर मांडलेलं दोन तासांत संपवा नाहीतर काढून घ्या. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. हा अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम आहे, पण आपल्या मे महिन्यात तो जास्तच लागू पडतो. तुमच्या लातूरच्या गच्चीवर दही-टोमॅटो तीन तास उघडे असतील, तर काही झालं नाही हे नशीब. चिकन असेल तर जाड तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश यायला हवं.

चाफिंग डिश (खाली आच ठेवून अन्न गरम ठेवायचं भांडं) भाड्याने नाही मिळाली तर मोठ्या परातीत उकळतं पाणी, त्यात भगुनं, वर झाकण. पाणी अर्ध्या तासाने बदलायचं.

निर्गुडी

चिकनवरून आठवलं. शनिवार आहे ना? आमच्या घरात शनिवारी चालत नाही, तुमच्याकडच्या पाहुण्यांतही बरेच असतील. आणि माळकरी मंडळी असतील तर एकाच टेबलावर दोन्ही ठेवणं बरोबर दिसत नाही. डाव इकडचा तिकडे गेला की ती माणसं काही न बोलता उठतात. वेगळं टेबल, वेगळा तवा, वेगळे डाव, शक्य तर अंगणाच्या दुसऱ्या बाजूला.

बालाघाटची

निर्गुडी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईला विचारलं, तिच्या शाळेतले तीन गुरुजी माळकरी आहेत. जेवण रविवारी दुपारी ठेवतोय. चिकन मागच्या ओट्यावर, पडवीच्या पलीकडे.

मका पहिल्यांदा करून पाहिला. अर्धा किलो. चुना घातल्यावर पाणी पिवळंधमक झालं आणि घरभर एक वास सुटला, ओल्या भिंतीसारखा आणि भाजलेल्या कणसासारखा एकाच वेळी. आई शेजारच्या खोलीतून विचारत आली, "काय शिजवायलीस?" सकाळी साली अगदी हातात निघून आल्या. पण मिक्सरमध्ये वाटताना पाणी जास्त झालं आणि पीठ थापताना बोटांना चिकटून येत होतं. चुलीपाशींनी सांगितल्याप्रमाणे कोरडं पीठ मिसळलं. पहिल्या सहा फाटल्या. सातवी तव्यावर टाकली आणि उलटल्यावर मधोमध फुगली. दुमडून पाहिली, सोडून दिली, पुन्हा उघडली, चिरली नाही. फडक्यात ठेवलेली अर्ध्या तासाने काढून पुन्हा दुमडली, तरी नाही.

थापायला काय वापरू? बेलायला जमत नाही.

चुलीपाशी

पुऱ्या दाबायचं लोखंडी यंत्र घ्या. दुधाची पिशवी धुऊन, कापून दोन चौकोन करा, त्यांच्यामध्ये लिंबाएवढी गोळी ठेवून दाबा. यंत्र नसेल तर दोन जड सपाट ताटं. तवा चांगला तापलेला हवा. पहिली बाजू पंधरा-वीस सेकंद, मग उलटून मिनिटभर, परत उलटून फुगेपर्यंत. पहिली बाजू जास्त ठेवलीत तर ती वाळते आणि मग फुगत नाही.

शंभर दुपारपूर्वी करून ठेवा, पंचवीस-पंचवीसच्या थप्प्या सुती फडक्यात बांधून डब्यात. डब्याच्या झाकणाला घाम येतो, म्हणून झाकणाखालीही फडकं. वाढायच्या वेळी तव्यावर दहा सेकंद. उरलेल्या ऐंशी लोकांसमोर गरम.

मंडपातला

आमचा मंडप-केटरिंगचा घरचा धंदा, हिंगोली. रांगेबद्दल सांगतो, कारण ताई तुमचं मागच्या वेळी खरं बिघडलं ते तिथे.

टेबल भिंतीपासून हात-दोन हात पुढे ओढा म्हणजे दोन्ही बाजूंनी माणसं चालतील. प्रत्येक वाडग्याला दोन डाव. सुरुवातीला ताटं आणि टॉर्टिया, मग गरम भरणं, मग कोबी-कांदा, मग साल्सा, शेवटी लिंबू. पाणी आणि गोड याच टेबलावर ठेवायचं नाही, नाहीतर ताट भरलेली माणसं तिथेच उभी राहून पाणी पितात आणि मागची खोळंबतात. तिखट चटण्या लहान वाट्यांत, लहान चमच्याने. मोठा डाव ठेवला की माणूस मोठा डावच वाढून घेतो.

आणि एक, टॉर्टियाच्या जागी घरचं माणूस उभं करा. भाड्याचा वाढपी नको. साठ माणसांत वीस जणांना हे काय आहे ते माहीत नसतं, आणि ते विचारत नाहीत. आमच्याकडे पंगतीत वाढणारा "अजून एक घ्या" म्हणतो म्हणून म्हातारी माणसं पोटभर जेवतात. बुफेत तसं म्हणणारं कुणी नसतं. तुमच्या आत्यांचं तेच झालं.

काठवट

मंडपातला, अगदी माझ्या मनातलं लिहिलंत.

ताई, मी तर म्हणते वडीलधाऱ्यांना रांगेत उभंच करू नका. त्यांची आधी सतरंजी घाला किंवा खुर्च्या मांडा, मुलांच्या हातून त्यांच्यापुढे एकेक टाको बांधून द्या. नातवाने विचारायचं, "आजी, तिखट लावू का? दही घालू?" म्हणजे त्यांनाही आपल्या मनासारखं मिळतं. आपापला बांधायचा म्हणजे आपापल्या मनासारखा हवा, हाताने कोण बांधतंय याला काय महत्त्व?

बालाघाटची

काठवट, हे वाचून मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. हेच करणार.

आता वाडगे. दूरदेशी म्हणतात तसे कमी करायचे ठरवलंय. राजमा दोन किलो सुका (शिजून पाच किलोच्या आसपास होतो), बटाटा-ढोबळी मिरचीचं सुकं भरण अडीच किलो, चिकन तीन किलो कच्चं. वर पत्ताकोबी, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर, घट्ट दही, कुस्करलेलं पनीर. ॲव्होकॅडोचं काय करू? इथे मिळत नाहीत, लातूरहून आणले तर पुन्हा कच्चे निघायचे.

दूरदेशी परभणी

नका आणू. माणशी पाव धरला तरी पंधरा लागतील, महाग पडतील आणि कापल्यावर काळे पडतील. जानेवारी आहे, ओला हरभरा आलाय ना? कोवळे सोलाणे वाफवा, हिरवी मिरची, लसूण, मीठ, भरपूर लिंबू घालून ओबडधोबड ठेचा. त्याला ग्वाकामोले (ॲव्होकॅडो ठेचून करतात ती चटणी) म्हणू नका, हरभऱ्याचा ठेचाच म्हणा. त्या जागी तो छान बसतो.

पनीर मात्र बरोबर निवडलंत. तिथे वर घालतात ते केसो फ्रेस्को साधारण आपल्या कुस्करलेल्या पनीरासारखंच लागतं, पिवळं किसलेलं चीज हा अमेरिकेतला बदल. बटाट्याचे टाकोही तिथले घरचे, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

आणि तुम्हाला एक गंमतीची ओळख करून देते. व्हेराक्रूझ राज्यात साल्सा माचा करतात: सुक्या लाल मिरच्या, लसूण, शेंगदाणे आणि बहुधा तीळ तेलात मंद परतून भरड वाटायचे, तेल वर तरंगेपर्यंत. पहिल्यांदा चाखली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तिखटाने नाही. माझी आजी खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटायची, तीच चव, फक्त तेल जास्त. मिरची, टोमॅटो, मका, राजमा ही सगळी पिकं त्या खंडातली. पोर्तुगीजांची जहाजं आली, सोळाव्या शतकापासून ती आपल्याकडे रुजली. शेंगदाणाही अमेरिका खंडातलाच, दक्षिणेकडचा. आपण त्यांची चटणी केली, त्यांनी साल्सा केली. आत्यांच्या पहिल्या टाकोवर ही चटणी लावा.

लातूरची कोथिंबीर

कांदा-टोमॅटोसाठी कास्ती कोथिंबीर मिळवा, आमच्या जिल्ह्यातली, तिला भौगोलिक मानांकन आहे. वास इतका की एक जुडी दोन जुड्यांचं काम करते. अडीच किलो टोमॅटो, सव्वा किलो कांदा. टोमॅटोच्या बिया आणि गर काढून टाका, बारीक चिरा, मीठ लावून वीस मिनिटं चाळणीत ठेवा. निथळलेलं पाणी राजम्यात घाला. लिंबू आणि कोथिंबीर मांडायच्या आधी दहा मिनिटं, त्याआधी नाही. लिंबं पन्नास तरी आणा.

पाभर

प्यायला काय ठेवलंय? आमच्या बांधावर लाल अंबाडी आहे, बोंडं वाळवून ठेवलीत.

दूरदेशी परभणी

पाभरदादा, तुम्ही नकळत मेक्सिकोचं एक लाडकं पेय सांगितलंत! लाल अंबाडीच्या बोंडांच्या पाकळ्या तिथे हामाईका म्हणून विकतात आणि त्यांचं थंड सरबत बऱ्याच खाणावळींत मोठ्या काचेच्या बरणीत असतं. वनस्पती तीच. ५० ग्रॅम वाळलेल्या पाकळ्या, दोन लिटर पाणी: उकळी आली की गॅस बंद, झाकून पाऊण तास, गाळा, साखर घाला, गार करा. साठ माणसांना माणशी पेलाभर म्हणजे १२ लिटर, ३०० ग्रॅम पाकळ्या.

निर्गुडी

याला टाको म्हणायचं का, असं कुणी विचारलं तर? चुना आपल्या टपरीचा, दाबायला पुरीचं यंत्र, वर हरभऱ्याचा ठेचा. मी मनापासून विचारतेय, दुसऱ्यांचं अन्न करताना आपण त्याचा मान राखतोय ना, हे मला महत्त्वाचं वाटतं.

दूरदेशी परभणी

चांगला प्रश्न आहे. २०१०मध्ये युनेस्कोने मेक्सिकोची पारंपरिक पाककला वारसा यादीत घेतली. त्यात एखादा पदार्थ नाही, तर शेतातल्या मका-घेवडा-मिरचीपासून चुन्यात मका शिजवण्यापर्यंतची सगळी साखळी धरलीय. ताईंनी त्यातली सगळ्यात अवघड कडी घरात केलीय. बाजारचे कडक शेल आणून वर चीज किसलं असतं तर मला जास्त खटकलं असतं. भरण तर तिथेही प्रांतागणिक बदलतं. हरभऱ्याच्या ठेच्याला त्याच्या नावाने हाक मारली की कुणाचा मान जात नाही.

बालाघाटची

काल जेवण झालं. सगळं सांगते.

मका शुक्रवारी वेचला, शनिवारी रात्री शिजवला. बसस्टँडजवळच्या इडलीवाल्या काकांनी सकाळी सहा वाजता ग्राइंडर दिला, तीन किलोचं साडेपाच किलो पीठ निघालं. गल्लीतल्या दोन काकू, ज्यांच्या हाताला भाकरीची सवय आहे, त्या दोन तव्यांवर बसल्या. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि प्लॅस्टिकवर बोटांनी थापायला लागल्या. यंत्रापेक्षा गोल आणि पातळ.

अडचण आली ती वाऱ्याची. अंगणात गॅसची आच हलत होती, तवा तापत नव्हता, पहिल्या वीस टॉर्टिया फुगल्याच नाहीत. भावाने पत्र्याचे दोन तुकडे आडोशाला लावले, मग जमलं. हे कुणीच लिहिलं नव्हतं, म्हणून मुद्दाम सांगते.

टेबल मधोमध ठेवलं, दोन्ही बाजूंनी माणसं. वाडगे आठ. रांग कधीच दहा-बारा माणसांपुढे गेली नाही. राजमा सगळा संपला. चिकन पाऊण किलो उरलं, पुढच्या वेळी सव्वादोन किलोच घेईन. दही कमी पडलं, तीन लिटर दुधाच्या दह्याचा चक्का केला होता, पाच लिटरचा हवा होता. हरभऱ्याचा ठेचा पहिल्या अर्ध्या तासात वाडगं पुसून गेला. अंबाडीचं सरबत पाहून लहान मुलं आधी "हे काय लाल?" म्हणाली आणि मग तीन-तीन पेले प्यायली. पाभरदादा, तुमच्या पाकळ्या बसने वेळेत पोचल्या, आईने खास निरोप सांगायला सांगितलाय.

वडीलधारी बारा माणसं पडवीत खुर्च्यांवर बसवली होती. माझी भाची, सहावीतली, ताट घेऊन आत्यांपुढे गुडघ्यावर बसली. गरम टॉर्टिया तळहातावर घेतली, राजमा घातला, विचारलं, "आत्याआजी, कांदा?" आत्यांनी मान हलवली. "चटणी?" "लाव, जरा जास्त लाव." पनीर नको म्हणाल्या. भाचीने दुमडून हातात दिलं. आत्यांनी पहिला घास घेतला, थोडा वेळ चावत राहिल्या, मग टॉर्टियाची कड बोटांनी चाचपून पाहिली आणि विचारलं, "पीठ कशाचंय गं?" मक्याचं, चुन्यात शिजवलेलं, असं सांगितल्यावर म्हणाल्या, "दगडावर वाटलेलंय. कळतंय."

चार खाल्ले त्यांनी. चौथा स्वतः बांधला. शेजारी बसलेल्या निवृत्त बाईंना कसा धरायचा ते दाखवला सुद्धा: मान पुढे काढायची, ताटावर वाकायचं, म्हणजे गळलेलं ताटात पडतं.

आई शेवटी तव्यापाशी जाऊन बसली. काकूंना उठवून जेवायला पाठवलं आणि उरलेल्या वीस-पंचवीस तिने केल्या.

काठवट

ताई, वाचताना गळा दाटून आला. आत्यांना माझा नमस्कार सांगा.

चुलीपाशी

वाऱ्याचा मुद्दा फार कामाचा. उरलेलं पीठ असेल तर दोन दिवसांत संपवा, फ्रीजमध्येही आंबतं.

बालाघाटची

अर्धा किलो उरलं होतं. आज सकाळी आईने त्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून तव्यावर धपाट्यासारखं थापलं, दह्याबरोबर खाल्लं. सुटतं नीट, फक्त तेल जरा जास्त लागतं आणि झाकण ठेवावं लागतं.

पाभर

आमच्याकडेही परवा झालं. पहिल्यांदा चुना जास्त पडला, कडवट लागलं, पाच पाण्यांतून धुतलं तरी गेलं नाही. दुसऱ्यांदा चमचा सपाट करून घातला, मग बरोबर. नव्या माणसांनी चमच्याकडे लक्ष द्या.